मागून येणारे ओझे

आपल्या भाषेत ओढण्याला मोठा मान आहे. संसाराचा गाडा ओढला, घर ओढले, संस्था ओढली, असे कोणाविषयी म्हटले की त्याच्याबद्दल ऐकणाऱ्याच्या मनात आदर उभा राहतो. आषाढीच्या वारीत पालखीचा रथ ओढण्याचा मान आपल्या बैलजोडीला मिळावा म्हणून माणसे वर्षानुवर्षे आस लावून बसतात. पोळ्याला बैलाच्या तोंडात पुरणपोळी घालतो तीही त्याने वर्षभर ओढले म्हणूनच. थांबवणाऱ्याचा मात्र सण नाही, त्याला मान नाही. इतकेच काय, ‘ब्रेक’ या वस्तूला रोजच्या बोलण्यातला मराठी शब्ददेखील आपण अजून दिलेला नाही. ‘गतिरोधक’ म्हणून एक भारदस्त शब्द आला होता. पण तो रस्त्यातल्या उंचवट्याने पळवला, आणि मोटारीच्या खऱ्या ब्रेकला पुन्हा इंग्रजीच्या दारात उभे राहावे लागले.

ज्याने बैलगाडीत बसून घाट उतरला आहे त्याला यातला अन्याय कळेल. चढावर बैल गाडी ओढतात हे सगळ्यांना दिसते. उतारावर काय होते? उतारावर गाडीच बैलांना ढकलते. जू मानेवरून पुढे शिंगांकडे सरकते, बैल माना वर करून, खूर रोवून मागचे ओझे अंगावर झेलत राहतात. चढावर दमलेला बैल फार तर उभा राहील. उतारावर हरलेला बैल गाडीखाली जाईल. म्हणून जुने गाडीवान चढावर गाडीत बसून राहिले तरी उतारावर खाली उतरत. कोणी चाकाच्या धावेला लाकडी ठोकळा दोरीने आवळून धरी, कोणी गाडीच्या मागे ओंडका बांधून तो फरपटत नेई. ओढण्याचे काम बैलांचे, परंतु आवरण्याचे काम मागे, गाडीच्या बुडाशी व्हायला हवे, हे त्या निरक्षर माणसांना पक्के ठाऊक होते.

हे शहाणपण मधल्या काळात कुठे हरवले, ते पाहायचे असेल तर दिवाळीच्या आगेमागे आमच्या कोपरगावला यावे.

आमचा तालुका गोदावरीच्या काठचा. वर नांदूर मध्यमेश्वरला नदी अडवून दोन्ही तीरांनी पाट काढले, आणि ज्या काळ्या जमिनीत बाजरी-ज्वारी होत होती तिथे ऊस उभा राहिला. १९५०-५१ च्या हंगामात जिल्ह्यात प्रवरेकाठी शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले; पुढे आमच्या तालुक्यातही कोळपेवाडीला आणि सहजानंदनगरला कारखाने उभे राहिले. आता कार्तिक आला की गव्हाणीत मोळी पडते, बीड-पाथर्डीकडून कोयत्याच्या टोळ्या येऊन पालांत उतरतात, आणि रस्त्यांवर ट्रॅक्टरची रीघ लागते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर दुमजली माडीइतका ऊस, मागे लोंबणारी वाढ्यांची झालर, आणि पुढे कर्ण्यावर इतक्या मोठ्याने गाणी की मागून कोणी भोंगा वाजवला तर तो फक्त वाजवणाऱ्यालाच ऐकू यावा. नव्या माणसाला हा थाट एखाद्या मिरवणुकीसारखा वाटतो.

या मिरवणुकीचे गणित मात्र साधे आणि भीतिदायक आहे. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारण दोन टन. मागच्या दोन ट्रॉल्यांत मिळून ऊस पंधरा-वीस टन. म्हणजे मागचे ओझे पुढच्याच्या आठ-नऊ पट. आमच्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या दोन मोठ्या चाकांना असतात. आणि तेही शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून डाव्या चाकाचे पेडल वेगळे, उजव्याचे वेगळे. रस्त्यावर येताना दोन्ही पेडले कडीने जोडायची असतात. ती कडी लावायची राहिली तर एकाच बाजूचा ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. ट्रॉल्यांपैकी कित्येकींना ब्रेक नावाची वस्तूच नसते. वीस टनांना थांबवायचे ते दोन टनांनी, आणि तेही दोन चाकांनी!

मी प्राथमिक शाळेत गुरुजी होतो. शेती माझ्या थोरल्या भावाने केली. तो गेल्यावर वहिनींनी आणि त्यांच्या मुलाने ती सांभाळली. पुतण्याने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, दोन ट्रॉल्या घेतल्या, आणि हंगामात तो स्वतःच चालवतो. त्याच्या वाटेवर पाटाचा एक पूल आहे. पूल कसला, उंटाचे मदारच ते. एका बाजूने चढायचे आणि दुसऱ्या बाजूने तितकेच उतरायचे. उताराच्या पायथ्याशी शाळेचा फाटा. संध्याकाळी पाच वाजता तिथून सायकलींवरून मुली घरी परततात, पाचपाच जणी बोलत, हसत, रस्ताभर पसरून.

मागे एका हंगामात त्या उतारावर शिवारातलाच एक ट्रॅक्टर घडी पडून उलटला. ‘घडी पडणे’ हा आमच्याकडचा नेमका शब्द आहे. पुढचा थांबू पाहतो, मागचा थांबत नाही, आणि मग चाकू म्यानात मिटावा तशी ट्रॉली ट्रॅक्टरच्या अंगावर मिटते. नशिबाने त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. चालवणारा पोरगा वाचला. पण त्याचा एक पाय गुडघ्यापासून गेला. आता तो त्याच पुलाखाली चहाची टपरी चालवतो. मी एकदा चहा घेत असताना त्याने आपण होऊन सांगितले, “गुरुजी, लोक म्हणतात मला डुलकी लागली. डुलकी नव्हती लागली. मी ब्रेक दाबला होता. माझा ट्रॅक्टर थांबलाही होता. मागच्या ट्रॉल्या थांबल्या नाहीत.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. पण डोक्यात असणे आणि हातून काही होणे यांत अंतर असते, आणि ते अंतर तुटायला आमच्याकडे गेल्या दिवाळीत एक बंद पडलेली पिकअप कारणीभूत झाली.

माझा भाचा अमेरिकेत असतो. नोकरीतून मोकळा झाल्यापासून त्याने आणि त्याच्या बायकोने एक घरगाडी घेतली आहे. घरगाडी म्हणजे खरोखरीच चाकांवरचे घर: पलंग, चूल, न्हाणी, सगळे आत. ते घर घेऊन दोघे महिनेच्या महिने हिंडतात. मुक्कामाच्या ठिकाणी दूध-भाजी आणायला एवढे मोठे घर कुठे न्यायचे, म्हणून घराच्या मागे आपली पिकअप जोडून, चारी चाके रस्त्यावर ठेवून ओढत नेतात. हे ऐकून वहिनी म्हणाल्या होत्या, “म्हणजे बिऱ्हाड पुढे आणि गाढव मागे!”

तर हा भाचा दिवाळीला आला, आणि वसुबारसेच्या दिवशी पुतण्याची भाजीपाल्याची पिकअप वैजापूरकडून येताना वाटेत बंद पडली. मग आपल्याकडे जे करतात तेच केले. ट्रॅक्टर नेला, दोर बांधला आणि टोचन करून गाडी घराकडे आणली. टोचन करताना मागच्या गाडीत कोणीतरी बसावे लागते. भाचा हौसेने बसला. पोचेपर्यंत त्याला दरदरून घाम फुटला होता.

ज्याने हे काम केले आहे त्याला त्या घामाचे कारण सांगायला नको. इंजिन बंद असले की ब्रेकच्या पेडलामागचे बळही जाते. चालू इंजिनाच्या आधाराने ब्रेकला जे निर्वाताचे साहाय्य मिळते ते दोन-तीनदा पेडल दाबले की संपते, आणि नंतर पेडल दगडासारखे घट्ट होते. सुकाणूही जड होते. पुढच्याने वेग कमी केला की मागच्याने त्याच क्षणी आपला ब्रेक लावायचा; नाही लावला तर पुढच्यावर आदळणार. दोर सैल पडू द्यायचा नाही. पडला तर पुढच्या झटक्याला तुटणार. मागच्या गाडीत बसणारा नुसता ओढला जात नसतो. तो सारखा पुढच्याकडे डोळे लावून आपले ओझे आपण आवरत असतो.

ओसरीवर पाणी पिता पिता भाचा हसून म्हणाला, “मामा, मी जे काम आज केलं, त्यासाठी आमच्या पिकअपमध्ये एक पेटी ठेवलेली असते.”

मग त्याने सांगितले ते असे. घरगाडीचे स्वतःचे ब्रेक मजबूत असतात. पण ते तिच्या स्वतःच्या वजनापुरते. मागे दोन-अडीच टनांची पिकअप लावली की उतारावर ती पुढच्याला ढकलू लागते. म्हणून तिकडच्या अनेक राज्यांत ठरावीक वजनापुढच्या ओढल्या जाणाऱ्या वाहनाला स्वतःचा ब्रेक असावा असा नियम आहे. हा जादा ब्रेक कोणी पिकअपमध्ये कायमचा बसवून घेतात; भाच्याने घेतली ती पेटी. चालकाच्या पायापाशी ती ठेवायची, तिचा लोखंडी हात ब्रेकच्या पेडलाला धरवायचा. पुढचे वाहन वेग कमी करू लागले की पेटीला ते जाणवते आणि तिचा हात पेडल दाबतो. पुढचा हळू थांबला तर हळू, जोरात थांबला तर जोरात. पेडल दाबले जात आहे की नाही हे दाखवणारा एक छोटा दिवा पुढे घरगाडीत चालकाच्या समोर असतो. कारण मागचा ब्रेक चुकून लागून राहिला आणि तसेच मैलोन्‌मैल ओढत नेले, तर चाके तापून पेट घेतील. आणि याखेरीज एक बारीक तार. जोडणारी दांडी कधी तुटलीच, तर ती तार ताणली जाऊन एक खुंटी निघते, आणि मोकळी झालेली पिकअप कोणाच्या अंगावर जाण्याआधी स्वतःचा ब्रेक स्वतः दाबून उभी राहते.

आम्ही सगळे ‘काय एकेक शोध!’ अशा चेहऱ्याने ऐकत होतो. वहिनी चकल्यांचे पीठ मळत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, “तुझ्या गाडीत पेटी बसते. आज पिकअपमध्ये तू बसलास. मग याच्या ट्रॉल्यांत कोण बसतं?”

ओसरीवर कोणी बोलेना. पुतण्या उठून ट्रॅक्टरकडे निघून गेला.

वहिनींचा प्रश्न चकल्यांच्या पिठातून आला नव्हता. हंगामात रात्रीची दुसरी खेप असते. कारखान्याच्या वाड्यात ट्रॉल्यांची रांग लागते, नंबर कधी येईल त्याचा नेम नसतो. सूनबाई मुलांना निजवते आणि या ओट्यावर बसून राहतात. पाटाच्या पुलाकडून त्याच्या कर्ण्यावरची गाणी ऐकू येतात. गाणे उतार उतरून फाट्यापाशी आले की त्या उठतात आणि तव्यावर भाकरी टाकतात. हे मी कित्येक वर्षे पाहतो आहे. आम्हांला त्या गाण्यांचा त्रास होतो; वहिनी मात्र त्यांवर जगतात.

रात्री मी पुतण्यापाशी विषय काढला. त्याच्याकडे उत्तरे तयार होती, आणि ती मूर्खपणाची नव्हती. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात; ब्रेकचे वेगळे पैसे कोणी देत नाही. ट्रॉलीचा आस बदलायचा म्हणजे खर्च. ट्रॅक्टरचे हप्ते चालू. ऐन हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्या कारागिराकडे अडकल्या तर पहिल्या खेपा बुडणार. शेवटी तो म्हणाला, “आणि तात्या, रस्त्यावर शंभर ट्रॅक्टर आहेत. एकट्या माझ्या ट्रॉलीला ब्रेक असून काय होणार?”

मी आयुष्यभर मुलांना गोष्टी सांगत आलो. त्यालाही एक सांगितली. आगगाडीची. आमचे कोपरगावचे स्टेशन दौंड-मनमाड मार्गावर आहे. लहानपणी तिथे मालगाड्या पाहताना मला इंजिनाचेच कौतुक वाटे. एवढे चाळीस-पन्नास डबे मागून येतात, ते थांबतात कसे, हा प्रश्न फार उशिरा पडला. आरंभीच्या काळात अमेरिकेत ते थांबवायला माणसे असत. इंजिनाने शिट्टी दिली की ती डब्यांच्या टपांवरून, या डब्यावरून त्या डब्यावर उड्या मारत धावायची आणि एकेका डब्याचे ब्रेकचाक हातांनी आवळायची. पावसात, बर्फात, रात्री. त्यांतली किती टपावरून घसरून गेली त्याला सुमार नाही. मग जॉर्ज वेस्टिंगहाऊस नावाच्या बावीस वर्षांच्या पोराने १८६९ मध्ये दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. इंजिनातून नळीने हवा सोडायची की सगळ्या डब्यांचे ब्रेक लागणार.

“पण त्यात एक खोट होती,” मी म्हणालो. “नळी तुटली तर?”

“ब्रेकच नाही,” पुतण्या म्हणाला. यंत्राची गोष्ट असली की तो लगेच ऐकू लागतो.

“बरोबर. म्हणून १८७२ मध्ये त्याने सगळा विचार उलटा केला. नळीत हवा भरलेली असेल तोवरच ब्रेक सुटलेला राहायचा. हवा गेली की ब्रेक लागायचा. डबे सुटले, नळी तुटली, काहीही झाले तरी मागचे डबे आपोआप थांबणार. आणि प्रत्येक डब्याचा ब्रेक त्याच्या स्वतःच्या चाकांना. इंजिनाने फक्त हुकूम द्यायचा. थांबायचे ज्याचे त्याने.”

“मग सगळ्यांनी लगेच बसवले असतील.”

“नाही ना! मालगाड्यांच्या कंपन्यांना खर्च दिसत होता. डबे हजारो, आणि एकाच्या डब्याला ब्रेक असून दुसऱ्याच्या डब्याला नसेल तर काय उपयोग, असे जो तो म्हणत बसला. तुझ्यासारखेच. शेवटी १८९३ मध्ये तिथल्या सरकारला कायदा करावा लागला. मधली एकवीस वर्षे टपावरची माणसे पडतच राहिली.”

तो काही बोलला नाही. आपल्या बोरघाटात उतरती गाडी आवरली नाही तर तिला वळवून चढावर घालायला बाजूचे रूळ ठेवले आहेत, तेही मला सांगायचे होते. पण गोष्ट कुठे थांबवावी हे शिक्षकाला कळावे लागते. सकाळी तो आपण होऊन मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्री माझाच विद्यार्थी. चौथीत त्याला त्रैराशिक कधी आले नाही. पण लोखंड त्याच्याशी बोलते. भाच्याने त्याला पेटीची हकिगत सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाला, “पेटी आपल्या कामाची नाही, साहेब. ट्रॉलीला पेडलच नाही, मग दाबणार काय? पण त्या पेटीला जे जाणवतं ते ट्रॉलीच्या दांडीलाही जाणवतं. दांडीलाच सांगू की ब्रेक लाव म्हणून.”

यातली युक्ती नवी नव्हे. जगभर ओढगाड्यांना असा ब्रेक लावतात. ट्रॉलीची पुढची दांडी अखंड ठेवायची नाही. एका नळीत दुसरी नळी सरकेल अशी ती करायची आणि मध्ये जाड स्प्रिंग घालायची. ट्रॅक्टर ओढत असतो तोवर दांडी ताणलेली राहते आणि चाके मोकळी फिरतात. ट्रॅक्टरने वेग कमी केला की मागची ट्रॉली पुढे रेटते, दांडी आत सरकते, तिच्या सरकण्याने एक तरफ ओढली जाते, तरफेने सळई ओढली जाते, आणि ट्रॉलीच्या चाकांतले ब्रेक लागतात. जितका रेटा मोठा तितका ब्रेक घट्ट. मला ही कल्पना ऐकूनच हर्ष झाला. ज्या धक्क्याने त्या पोराचा पाय गेला, तोच धक्का इथे कामाला लावला होता.

पुतण्याने हिशेब करून विचारले, “सध्या पुढच्या ट्रॉलीला बसवू. मागचीला पुढच्या वर्षी.”

मिस्त्रीने मान हलवली. “एकच बसवायचा तर शेवटच्या ट्रॉलीला. मागची धरून राहिली तर सगळी माळ ताणलेली राहते, सरळ राहते. पुढची थांबली आणि मागची धावत आली तर घडी पडायची ती पडणारच, फक्त जागा बदलेल. पण माझं ऐकाल तर दोन्हींना बसवा. उरलेले पैसे मला हंगाम संपल्यावर द्या.”

वाहनात असा बदल करायचा तर परिवहन कार्यालयाची संमती लागते; पुतण्याने कागद घेऊन ते सोपस्कार पुरे केले. मग आठ दिवस मिस्त्रीच्या अंगणात ट्रॉल्या लाकडी ठोकळ्यांवर चढून बसल्या. जुने आस काढले, ब्रेकचे ड्रम असलेले नवे आस आले. दांड्या कापल्या, नळ्या बसल्या. डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक एकाच वेळी आणि सारखाच लागावा म्हणून मिस्त्री सळईचे नट पाव-पाव वळसा फिरवत होता आणि चाक हाताने फिरवून कान देत होता, वैद्याने नाडी पाहावी तसा. एक अडचण शेवटी निघाली. ट्रॅक्टर मागे घेताना दांडी आतच दाबली जाते, मग ब्रेक लागून ट्रॉली मागे हटतच नाही! त्यासाठी एक खटका बसवला. मागे घेताना तो घालायचा आणि पुढे निघताना आठवणीने काढायचा. भाच्याने आपल्या पेटीवरून सुचवलेली तारही आली. ट्रॉली सुटलीच तर तार ताणून हातब्रेक ओढला जाईल.

पहिली खेप मिस्त्रीच्या सांगण्यावरून अर्ध्याच उसाची, आणि दुपारी, रस्ता रिकामा असताना. मी आणि भाचा टपरीवर बसलो होतो. पूर्वी पुतण्या चढाच्या माथ्यावरच ब्रेक दाबू लागे आणि तरी ट्रॉल्या त्याला रेटत पार फाट्यापर्यंत आणत. गिअर कण्हत असे, ट्रॅक्टरची पुढची चाके इकडेतिकडे होत. त्या दिवशी ट्रॅक्टर माथ्यावर आला, उतरू लागला, आणि निम्म्या उतारावर त्याने मुद्दाम ब्रेक दाबला. दोन्ही दांड्या आत गेल्याचा ‘खट्‌-खट्‌’ असा आवाज आला. सारी माळ, पुढे ट्रॅक्टर आणि मागे दोन ट्रॉल्या, रेघ आखल्यासारखी सरळ राहून उतारावरच उभी राहिली.

टपरीवाला पोरगा कुबडी टेकून बाहेर आला होता. तो बराच वेळ त्या उभ्या राहिलेल्या ट्रॉल्यांकडे पाहत होता. मग आत गेला आणि चार कप चहा घेऊन आला. पैसे घेतले नाहीत.

मिस्त्री ट्रॅक्टरजवळ जाऊन पुतण्याला दटावत होता. “ब्रेक लागला म्हणून माजू नको. वेग दुप्पट केलास तर थांबवायला चौपट बळ लागतं. आणि दर आठवड्याला सळई ताणून घ्यायची. ट्रॉलीत ऊसही होता तेवढाच घालायचा, ब्रेक आहे म्हणून जास्त नाही.” ज्याला त्रैराशिक आले नाही त्याला हा वर्गाचा नियम कोणी शिकवला, कोण जाणे, मी तरी नाही.

तो हंगाम पार पडला. खर्च अजून पुरता फिटलेला नाही. खेपा थोड्या कमी झाल्या का, याचा हिशेब पुतण्या सांगत नाही आणि मीही विचारत नाही. वहिनी अजून रात्री ओट्यावर बसतात. काळजी ही काही यंत्राने जाणारी वस्तू नव्हे. पण गाणे पुलाच्या माथ्यावर आले की हल्ली त्या उठतात. फाट्यापर्यंत वाट पाहत नाहीत. म्हणजे उतार त्यांनी सोडून दिला आहे. यंदा खंडेनवमीला ट्रॅक्टरला हार घालून झाल्यावर त्यांनी झेंडूची दोन फुले उरवली आणि दोन्ही ट्रॉल्यांच्या दांड्यांवर ठेवली.

मी विचार करतो तेव्हा वाटते, घरातही असेच असते. ओढणारा एक असतो, आणि मागून येणारे आपण सगळे. तो चढावर दमला तर आपल्याला दिसते, आपण हात लावतो. उतारावर तो आपल्याच ओझ्याने रेटला जात आहे हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. कारण आपण तर नुसते मागून येत असतो. मागून येणाऱ्याने ओढू नये, पण आपल्यापुरते थांबता यावे, एवढी अपेक्षा फार नाही. माझ्या वहिनी भाऊ गेल्यापासून हेच करत आल्या. मुलाचा संसार त्यांनी ओढला नाही. स्वतःचे ओझे मात्र त्याच्या पाठीवर कधी येऊ दिले नाही.

आमच्या दोन ट्रॉल्यांना ब्रेक आहेत. मिस्त्रीच्या अंगणात आता आणखी दोघांच्या ट्रॉल्या ठोकळ्यांवर चढल्या आहेत. रस्त्यावरच्या बाकीच्यांना मात्र नाहीत, आणि यंदाही गव्हाणीत मोळी पडली की ते सारे रस्त्यावर येतील. दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी पुष्कळ जण शिर्डीला यायला नगर-मनमाड रस्त्याने निघतील. वाटेत उसाचा ट्रॅक्टर दिसला तर त्याच्या गाण्यांवर रागावू नका. ती कोणाच्या तरी ओट्यावर ऐकली जात असतात. त्याला ओलांडून जायचे असेल तर खुशाल जा, पण ओलांडल्यावर त्याच्या तोंडासमोर येऊन ब्रेक दाबू नका. तुम्ही थांबाल, आणि तोही कदाचित थांबेल. त्याच्या मागचे वीस टन थांबतील की नाही, हे त्याच्या हातात नसते.